पटल्याशिवाय मावळत नाही

तांबळवाडीत, जगातला सगळ्यात चांगला बॅट्समन कोण, हा वाद मिटल्याशिवाय सूर्य मावळत नाही. रोज दुपार कलली की दूध डेअरीच्या कट्ट्यावर वाद सुरू होतो. बोलता बोलता कोणीतरी कोणाला तरी मनापासून 'तुझंच खरं' म्हणतो, मग सूर्य खिंडीमागे उतरतो आणि गाव चुलीला लागतं. दुसऱ्या दिवशी वाद पुन्हा पहिल्यापासून. गावाला यात काही नवल वाटत नाही. नदीकाठच्या गावांना पूर असतो, घाटावरच्या गावांना धुकं असतं, तांबळवाडीला हे आहे.

अडचण एकच. 'तुझंच खरं' हे आतून यावं लागतं. तोंडदेखलं म्हटलं तर सूर्य जरासा खाली जातो आणि विहिरीत दाबलेल्या भोपळ्यासारखा उसळून परत वर येतो. आणि क्रिकेटच्या बाबतीत आतून हार मानणारा माणूस या मुलखात सहसा जन्माला येत नाही. म्हणून तांबळवाडीच्या ग्रामपंचायतीत शिपाई आणि पाणी सोडणारा यांच्या जोडीला आणखी एक पद आहे. पटणारा. त्यानं कट्ट्यावर बसायचं, सगळ्यांचं ऐकायचं आणि शेवटी कोणाचं तरी पटवून घ्यायचं. त्याला पटलं की वाद मिटला. त्यानंतर कोणी पुन्हा तोंड उघडायचं नाही, हा गावचा दंडक.

या पदावर अंकुश घोलप होता.

अंकुशची पिठाची गिरणी होती. स्वभावानं इतका लाजाळू, की दळणाला बायका आल्या की तो त्यांच्या डब्यांशी बोलायचा. शाळा त्यानं सातवीतच सोडली होती. गुरुजी फळ्यावर जे उत्तर लिहीत ते त्याला पटायचं, आणि शेजारच्या मुलाच्या वहीत वेगळंच असलं तर तेही पटायचं. शेवटी एकाच गणिताला दोन उत्तरं लिहून, दोन्हींखाली रेघ मारून तो घरी आला आणि पुन्हा गेलाच नाही.

आधीचे पटणारे धोंडीनाना वारले तेव्हा गावावर मोठाच प्रसंग आला होता. सूर्य डोक्याच्या जरा खाली येऊन थांबला तो थांबलाच. कोंबड्या खुराड्यात जाईनात, म्हाताऱ्यांना झोप लागेना, आणि कट्ट्यावरची माणसं ओरडून ओरडून घोगरी झाली. अशात अंकुश पीठ पोहोचवायला तिथून चालला होता. डोक्यावरचा डबा न उतरवता तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि हळूच म्हणाला, "खरंय की तुमचं." सूर्य असा गेला की बायकांना दिवे लावायला सवड मिळाली नाही. सरपंचांनी अंधारातच चाचपडत नारळ आणला आणि त्याला नेमून टाकलं.

कट्ट्यावर बोलणारे तिघे. शाळेतून निवृत्त झालेले देवकुळे गुरुजी ब्रॅडमनचे. सरपंच बापू जगदाळे गावसकरचे. आणि सलूनवाला हणमंत सचिनचा. हा हणमंत सचिनचा इतका, की गिऱ्हाईकानं लाराचं नाव काढलं तर अर्धी दाढी झालेल्या माणसाला खुर्चीवरून उठवायचा. जो शेवटी बोलेल त्याचं अंकुशला पटायचं, हे तिघांच्या लवकरच ध्यानात आलं. मग भांडण नको म्हणून त्यांनी शेवटी बोलण्याच्या पाळ्याच लावून घेतल्या. एक दिवस ब्रॅडमन, एक दिवस गावसकर, एक दिवस सचिन. गाव वेळेवर जेवू लागलं.

मग अंकुशचं लग्न ठरायला आलं.

मुलगी वाघोशीची, कालिंदी शेळके. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे झाले, मोठी माणसं मुद्दाम बाहेर गेली आणि आत दोघंच राहिले. अंकुश पोह्यांच्या रिकाम्या बशीकडे बघत बसला.

"तुम्ही काय करता?" कालिंदीनं विचारलं.

"गिरणी आहे," तो बशीला म्हणाला. "आणि संध्याकाळी पटवून घेतो."

"रोज?"

"रोज. नाहीतर अंधार पडत नाही."

"आणि सगळ्यांचंच पटतं?"

"हो."

"मी म्हटलं, की तुम्ही काही मला पसंत नाही, तर?"

अंकुशनं प्रामाणिकपणे विचार केला. "तर तेही पटेल," तो म्हणाला.

कालिंदी खो खो हसली. इतकी, की बाहेरच्या मावशीनं दारातून डोकावून पाहिलं. मग हसू आवरून ती म्हणाली, "हे बघा. माणूस म्हणून तुम्ही मला आवडलात. पण मला विहिरीशी संसार करायचा नाही. आपण हाक मारायची आणि तीच हाक परत ऐकायची. लग्नाच्या दिवसापर्यंत एक तरी मत स्वतःचं करा. कशावरही चालेल. फक्त मी सांगितलं, सासूबाईंनी सांगितलं, गावानं सांगितलं, तरी हलायचं नाही. नाहीतर मी बोहल्यावरून उठून जाईन."

"पटलं," अंकुश म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला घाम फुटला.

मत करणं म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन त्यानं प्रयत्न केला. चहात आलं हवंच, असं एक मत त्यानं सकाळी धरलं. आई म्हणाली, "आल्यानं पित्त होतं रं." झालं, मत गेलं. बाजरीपेक्षा ज्वारी बरी, हे मत गिरणीच्या दारात पोचेपर्यंत टिकलं; तिथं बाजरी घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीनं ते काढून घेतलं. लग्न जवळ आलं तसा तो खंगला. लोकांना वाटलं, नवरदेव आहे, चालायचंच.

हळद लागली त्या दिवशी तो कोणाचं तरी अडलेलं दळण काढत होता. मध्येच गिरणीचा पट्टा निसटला आणि एकदम सगळं शांत झालं. त्या शांततेत अंकुशला जाणवलं, की आपलं एक मत आहे. कोपऱ्यात मांजर कधी येऊन बसलं ते कळू नये, तसं ते आधीपासूनच येऊन बसलेलं होतं. त्यानं घाबरत घाबरत त्याला ढोसून पाहिलं. मनातल्या मनात गुरुजींच्या आवाजात विरोध केला, बापूंच्या आवाजात दरडावलं, हणमंताच्या आवाजात टर उडवली. मत हललं नाही. अंकुश पिठाच्या पोत्यावर बसला आणि हळद लागलेल्या तोंडानं एकटाच हसत राहिला. आणि मग दचकला, कारण मत बॅट्समनबद्दल होतं.

लग्न दुसऱ्या दिवशी, नवऱ्याच्या दारी, गोरज मुहूर्तावर होतं. अंकुशनं त्या दिवसाची रजा मागितली होती. पण बापूंचा नाइलाज होता. "रजा द्यायची तर बदली माणूस लागतो," ते म्हणाले, "आणि बदली पटणारा आणू कुठनं? तू असं कर, मुंडावळ्या बांधूनच ये. पटकन पट आणि बोहल्यावर जा."

म्हणून तो मुंडावळ्या बांधून, शेरवानी घालून कट्ट्यावर बसला. पलीकडे मांडवात वाजंत्री हलगी शेकत होते. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. पाळी गुरुजींची होती.

"गुरुजी, आटपतं घ्या," बापू म्हणाले. "पोराचं लगीन आहे."

गुरुजींनी आटपतं घेतलं. ब्रॅडमनची सरासरी सांगितली, ती शंभराला किती थोडक्यात हुकली ते सांगितलं, आणि जगात दुसरा कोणी तिच्या आसपासही का नाही ते सांगून उपरण्यानं तोंड पुसलं. हणमंत तर आधीच उठून पँट झटकत होता. सगळ्यांनी सवयीनं अंकुशकडे पाहिलं.

अंकुशनं पायातल्या नव्या मोजडीकडे पाहिलं. "नाही पटलं," तो म्हणाला.

"काय?"

"नाही पटलं, गुरुजी. माफ करा."

हणमंत परत खाली बसला. "हळद डोक्यात गेली काय रं तुझ्या?"

मग बापूंनी गावसकर घेतला. हेल्मेट नसताना वेस्ट इंडीजच्या तोफखान्यासमोर उभा राहिलेला माणूस, त्यांनी तो अंकुशच्या डोळ्यांसमोर उभा केला. अंकुशनं मान हलवली, पण आडवी. हणमंतानं शंभर शतकं सांगितली, शारजा सांगितली, वादळ सांगितलं. अंकुशच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पटलं नाही. सूर्य खिंडीवर तीन कासरे जसा होता तसाच राहिला.

बापूंनी तातडीची ग्रामसभा तिथंच भरवली.

पहिला ठराव असा झाला, की ज्याला जमेल त्यानं पटवून घ्यावं. गावाचे प्रमुख म्हणून बापू स्वतः पुढे झाले. छातीवर हात ठेवून, निवडणुकीत मतदारांपुढे करतात तसा चेहरा करून ते म्हणाले, "गुरुजी, तुमचंच खरं!" सूर्य खाली गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बापूंच्या मनात गावसकरचा कव्हर ड्राइव्ह आला आणि सूर्य टुणकन वर आला. हणमंतानं डोळे मिटून प्रयत्न केला. त्याच्या बाबतीत सूर्य हललाही नाही, नुसता थरथरला. शेवटी सगळ्या मांडवानं एकदम म्हणून बघायचं ठरलं. "तुमचंच खरं!" असा एकच गजर झाला. सूर्य खाली, वर, खाली, वर, असा नाचू लागला. झाडांच्या सावल्या पळत लांब जायच्या आणि पळत परत यायच्या. कोंबड्या खुराड्यात शिरायच्या आणि बाहेर यायच्या. वाजंत्र्यांना वाटलं, हा आपल्यालाच इशारा आहे. त्यांनी त्या तालावर हलगी धरली. मांडवातली दोन म्हातारी माणसं नाचायलाही लागली. बापूंनी हात जोडून गजर थांबवला तेव्हा सूर्य पुन्हा तीन कासरे वर होता, आणि जरा धापा टाकल्यासारखा दिसत होता.

तेवढ्यात मुलीचे वडील, शेळके पाव्हणे, तरातरा आले.

"सरपंच, हे काय चालवलंय? आमचा मागनं येणारा टेम्पो आत्ता पोचला. दिवे लावून आला, दिवे! शिवेच्या पलीकडं रात्र झालीया. आमच्या वाघोशीत लोक जेवून आडवे झाले, आणि इथं मी अजून टोपी सारखी करतोय उन्हासाठी!"

"तुमच्याकडं सूर्य आपोआप मावळतो, पाव्हणं," बापू समजुतीनं म्हणाले. "आमच्याकडं जरा चर्चा होते."

"चर्चा करा नाहीतर भजन करा. गोरज मुहूर्त धरलाय मी. काय हो जोशीबुवा, आत्ता लावता येतंय का लगीन?"

जोशीबुवांनी कपाळावर हात धरून खिंडीकडे पाहिलं. "गोरज म्हणजे सूर्यबिंब अर्धं बुडालेलं पाहिजे," ते म्हणाले. "गुरं घरी परतताना त्यांच्या खुरांची धूळ उडाली पाहिजे. गुरं तर अजून माळावर निवांत चरतायत. हा मुहूर्त गेला तर मग तुळशीच्या लग्नानंतरच."

"तोवर थांबायला मी रिकामा नाही," शेळके म्हणाले. "सूर्य जाणार नसंल, तर मी जातो. मुलगी घेऊन."

अंकुशची आई पदर सावरत पुढे आली. "अरं लेकरा, म्हण की एकदाचं पटलं. रोज म्हणतोस की!"

"मुद्दाम म्हटलं तर उसळंल गं आई."

"मग मत सोडून दे!"

अंकुश काही बोलायच्या आत कालिंदीची मावशी शाळेकडून आली. धावत आल्यानं तिला दम लागला होता. "पोरगी विचारती," ती म्हणाली, "सूर्य कोणापायी अडलाय?"

"नवरदेवापायी!" चारपाच जण एकदम ओरडले.

"असं असंल तर तिचा निरोप आहे. धरून ठेवा म्हणावं. त्यांनी हार मानून सूर्य मावळला, तर मी गाडीत बसले म्हणून समजा."

सूर्य राहिला तर सासरा जाणार, आणि अंकुशनं मत सोडून तो घालवला तर नवरी जाणार. अंकुशला दोन्ही म्हणणी कळत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दोन्ही एकदम पटत नव्हती. त्याला कालिंदी हवी होती. खो खो हसणारी, बशीकडे बघू न देणारी.

गुरुजींनी चष्मा पुसला. गणिताचा माणूस, पायऱ्या त्यांना बरोबर दिसल्या. "एकच वाट राहते," ते म्हणाले. "पटणाऱ्याला पटत नाही. तर आता पटणाऱ्यानं पटवायचं. बोल बाळ, तुझा कोण?"

"सांगितलं तर हसाल."

"नाही हसत. बोल."

"चंद्रा," अंकुश म्हणाला.

सगळं गाव हसलं. मांडव हसला, कट्टा हसला, हलगीवाल्याच्या हातून आपोआप काडी पडली. हसण्यानं सूर्य वीतभर वरच गेला. कारण चंद्रा म्हणजे भागवत चंद्रशेखर. चेंडू असा टाकायचा की भल्याभल्यांना कळायचा नाही, आणि स्वतःच्या हातात बॅट आली की त्याला कोणाचाच कळायचा नाही. कसोटीत जेवढ्या विकेट घेतल्या तेवढ्या धावाही त्याच्या झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या एका दौऱ्यावर तर इतक्या वेळा शून्यावर परतला, की त्याला मधोमध भोक पाडलेली बॅट भेट मिळाली. कट्ट्यावर कोणाचा मुद्दा फारच लंगडा पडला की 'मग काय चंद्रा का?' असं म्हणायची पद्धतच होती.

"हसा," अंकुश म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही. "मी दळणाचा माणूस. मला दळता येतं, मी गिरणीत जातो. त्यात काय मोठं? गावसकरला ठाऊक होतं आपल्याला बॅटिंग येते, तो गेला. सचिनला ठाऊक होतं, तो गेला. ब्रॅडमनचं तर समोरच्यांनाही ठाऊक होतं. येतंय म्हटल्यावर कोण जाणार नाही? चंद्राला ठाऊक होतं की आपल्याला येत नाही. अख्ख्या मैदानाला ठाऊक होतं. तो निघाला की लोक चपला शोधायला लागायचे. तरी तो पॅड बांधायचा. दोन्ही पायांना. आणि जाऊन गार्ड घ्यायचा."

"गार्ड घ्यायचा?" हणमंतानं विचारलं.

"घ्यायचाच की. सगळे घेतात. पण विचार कर ना हणमंतभाऊ. ज्याचा स्टंप आत्ता उडणार आहे, तो माणूस अंपायरला विचारतोय, मधला स्टंप नेमका कुठं आहे, तेवढं जरा सांगा."

"गिऱ्हाईक नसलं तरी मी सकाळी वस्तरा पाजळून ठेवतो," हणमंत कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला. सूर्य एक कासरा खाली आला, आणि यावेळी उसळला नाही.

"बाकीचे धावा काढायला जायचे," अंकुश म्हणाला. "हा नुसता बॅटिंग करायला जायचा."

बापू खाली बघत होते. "तीनदा पडलोय मी इलेक्शनला," ते म्हणाले. "चौथ्यांदा अर्ज भरायला गेलो तेव्हा तिथला कारकून हसला होता, फिस्सकन. तरी मी नवीन टोपी घालून गेलो होतो बघ." दुसरा कासरा गेला. मांडवात सावल्या लांब झाल्या. शेळक्यांनी टोपी काढून हातात घेतली.

राहिले गुरुजी.

"भावना ठीक आहे," गुरुजी म्हणाले. "पण आकडे, अंकुश. शून्य म्हणजे शून्य."

"गुरुजी, ब्रॅडमन शेवटच्या डावात किती काढून आला?"

गुरुजींचा चेहरा पडला. हा विषय त्यांच्यासमोर कोणी काढत नसे. "शून्य," ते म्हणाले. "चार धावा हव्या होत्या. फक्त चार. सरासरी शंभर झाली असती."

"त्या एका शून्याचं तुम्हाला अजून वाईट वाटतं."

"वाटतं."

"सगळ्या जगाला वाटतं. बिचारा ब्रॅडमन. चंद्राच्या शून्याचं कोणाला वाईट वाटलं, गुरुजी? लोक हसले. ती सगळी शून्यं त्यानं एकट्यानं उचलून आणली, आणि पुढच्या डावात परत पॅड बांधले. शून्य कोणाला जास्त चांगलं खेळता आलं, सांगा."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांचे ओठ काहीतरी हिशेब करत होते आणि तो जमत नव्हता, आणि तो जमत नाही याचा त्यांना आनंद होत होता, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. सूर्य खिंडीला टेकला. माळावरच्या गुरांनी माना वर केल्या. घंटा वाजू लागल्या, धूळ उठली, आणि सगळं गाव तांबूस झालं. सूर्य खिंडीत उतरू लागला. पाव बुडाला. अर्धा बुडाला.

"अंकुश," गुरुजी म्हणाले, "तुझंच ख—"

"थांबा! मला नाही पटलं!"

सगळे वळले. शालू, हिरवा चुडा, कपाळाला मुंडावळ्या अशी कालिंदी कट्ट्यासमोर उभी होती. मागून तिच्या करवल्या धापा टाकत येत होत्या. सूर्य होता तिथं, अर्ध्यावर थांबला.

"ताई," बापू काकुळतीला येऊन म्हणाले, "एकदा पटलं की पुन्हा तोंड उघडायचं नाही, असा आमच्या गावचा दंडक आहे."

"मी अजून तुमच्या गावची झाले नाही. अक्षता पडायच्यात," कालिंदी म्हणाली. "आणि गुरुजींचं वाक्य पुरं झालेलं नाही. माझा विश्वनाथ."

"विश्वनाथ?" अंकुश म्हणाला. तो तिच्याकडे बघत होता. मोजडीकडे नव्हे.

"गुंडप्पा विश्वनाथ. स्क्वेअर कट मारला की चेंडूलासुद्धा बरं वाटायचं. मद्रासची मॅच घ्या. समोर वेस्ट इंडीज. एका बाजूनं सगळे गेले, हा उभा. सत्त्याण्णव धावा, नाबाद. तीन हव्या होत्या शतकाला. का नाही झालं शतक? कारण दुसऱ्या बाजूला शेवटचा माणूस बाद झाला. कोण होता तो?"

अंकुशनं मुंडावळ्या सारख्या केल्या.

"सांगा ना. कोण?"

"चंद्रा," अंकुश म्हणाला.

कट्टा 'ओहोहो' करून उठला. हणमंतानं स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. गुरुजी अर्धं वाक्य तोंडात धरून एकदा इकडे, एकदा तिकडे बघू लागले. "मला दोन्ही बाजूंनी पटायला लागलंय," ते घाबरून म्हणाले.

शेळक्यांनी कपाळाला हात लावला. "पोरी, आता कुठं तो खाली आला होता गं!"

पण जोशीबुवा खिंडीकडे बघत होते. त्यांनी एकदा अर्ध्या बुडालेल्या सूर्याकडे पाहिलं, एकदा गुरांच्या धुळीकडे पाहिलं, आणि पंचा खांद्यावर टाकून ते मोठ्यानं ओरडले, "अहो, हाच तर गोरज! बिंब अर्धं आहे, धूळ उडालीय! पाट मांडा, अंतरपाट धरा! आणि तुम्ही दोघं, वाद थांबवू नका!"

असा निवांत गोरज मुहूर्त त्या मुलखात कोणी पाहिला नव्हता. सूर्य अर्ध्यावरच होता, त्यामुळे घाई कसलीच नव्हती. प्रत्येक आत्यानं आणि मामीनं आपापली मंगलाष्टका म्हणून घेतली, काहींनी दोनदा. अंतरपाटाच्या अलीकडून अंकुश म्हणायचा, "पण सत्त्याण्णवपर्यंत दुसऱ्या बाजूला उभं कोण होतं?" पलीकडून कालिंदी म्हणायची, "उभं होतं, खेळत नव्हतं!" आणि सगळं गाव म्हणायचं, "शुभमंगल सावधान!" मध्ये एकदा कालिंदीला हसू आवरेना म्हणून ती क्षणभर गप्प झाली, तर सूर्य थरथरला. जोशीबुवा कळवळून म्हणाले, "बोला हो, बोला! दोनच कडवी राहिलीत!"

अक्षता पडल्या. हार घातले गेले. हार घालताना कालिंदी हळूच म्हणाली, "बदललं नाहीत ना?"

"नाही."

"मीही नाही."

"दिसतंय की," अंकुशनं खिंडीकडे मान केली, आणि दोघंही तोंड दाबून हसले.

पंगती उठल्या. जिलबी संपली. वाघोशीचा टेम्पो दिवे न लावता निघाला आणि शिवेवर पोचल्यावर त्यानं दिवे लावले. सूर्य अजून अर्धाच होता. बापू, गुरुजी आणि हणमंत अंकुशच्या दारात आले. नवराबायको बाहेरच्या पायरीवर बसले होते.

"अंकुश," बापू म्हणाले, "आता घरातलाच मामला आहे. एकानं कोणीतरी म्हणून टाका. लोकांना झोपायचंय."

"पटल्याशिवाय कसं म्हणू?" अंकुश नम्रपणे म्हणाला.

बापूंनी कालिंदीकडे पाहिलं.

"मलाही नाही पटलेलं," ती म्हणाली.

"गुरुजी, तुम्ही?"

"मला उद्यापर्यंत वेळ द्या," गुरुजी म्हणाले.

बापूंनी थोडा विचार केला आणि दवंडी दिली, की खिडक्यांना गोधड्या लावाव्यात आणि ज्याला जमेल त्यानं झोपावं. गावानं गोधड्या लावल्या. कुरकुर कोणी केली नाही. नवीन लग्न झालेल्यांना चार गोष्टी बोलायच्या असतात, हे सगळ्यांना कळत होतं.

गल्ली तांबूस उजेडात शांत झाली. पायरीवर कालिंदीनं हातातला चुडा मागे सारला आणि पाय पुढे पसरले.

"खरं सांगा," ती म्हणाली. "मद्रासला चंद्रा गार्ड घेत होता, तेव्हा दुसऱ्या टोकाला विश्वनाथच्या मनात काय असेल?"

अंकुश जरा तिच्याकडे सरकला. मग त्यानं तिला काहीतरी सांगितलं. ती हसली, आणि तिनंही त्याला काहीतरी सांगितलं.

सूर्य बोटभर खाली सरकला. कोणाचं कोणाला पटलं, ते त्या दोघांनी गावाला अजून सांगितलेलं नाही.